ॲक्ट अपने औषधांचे नियम बदलले, म्हणजे नेमकं काय केलं?

खडूफळा

१ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी ग्रंथालयाच्या फलकावर लावायचा मजकूर जुळवतोय. विषय आहे अमेरिकेतल्या एड्सच्या साथीची पहिली पंधरा वर्षं, त्यातही न्यूयॉर्कची ॲक्ट अप ही संघटना. मराठीत जे हाती लागतं त्यात गुलाबी त्रिकोण असतो, 'मौन म्हणजे मृत्यू' ही घोषणा असते, पोलीस उचलून नेत असलेली माणसं असतात. आणि मग एक वाक्य येतं: "त्यांच्या दबावामुळे औषधांना लवकर मान्यता मिळू लागली." हे वाक्य मला पोकळ वाटतं. दबाव कुणावर आणि कुठल्या नियमासाठी? रस्त्यावर आडवं पडल्याने औषध लवकर कसं येईल?

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्यात. तेव्हाच्या औषध-चाचण्यांमध्ये नेमकं काय खटकत होतं? आंदोलनाची तयारी प्रत्यक्षात कशी व्हायची? आणि फसलं काय? नुसती आरती नको आहे. आपल्याकडचा खरा धागा असेल तर जरूर सांगा, ओढूनताणून नको.

---

फार्माकट्टा

पहिला प्रश्न घेतो. एझेडटी म्हणजे एड्सवरचं पहिलं मान्यता मिळालेलं औषध. त्याची चाचणी समजली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

१९८६ मधल्या त्या चाचणीत २८२ जण होते. साधारण निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही. मात्रा २५० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. सप्टेंबर १९८६ मध्ये मधल्या टप्प्यावर आकडे उघडून पाहिले तर प्लासिबोच्या गटात १९ मृत्यू आणि एझेडटीच्या गटात १. चाचणी तिथेच थांबवली आणि मार्च १९८७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

कागदावर हे आदर्श वाटतं. आता दुसऱ्या बाजूने बघा. अशा रचनेत औषध चालतं हे सिद्ध व्हायला प्लासिबो घेणाऱ्यांपैकी पुरेशी माणसं मरावी लागतात, कारण अखेरीस मोजायचा आहे तो मृत्यू. त्या काळी निदान झालेला माणूस बहुधा एक-दोन वर्षांचा सोबती असायचा. त्यात अनेक चाचण्यांमध्ये दुसरं औषध घ्यायला मनाई. बायका, इंजेक्शनने नशा करणारे, यकृताचे आकडे बिघडलेले, हे सगळे दारातच गळायचे.

आता ॲक्ट अपचा जो मुद्दा शास्त्रज्ञांना खरोखर टोचला तो. ते फक्त "हे अमानुष आहे" म्हणून थांबले नाहीत. "अशा चाचणीचं उत्तरही खोटं येतं," असं ते म्हणाले. कारण जिवावर बेतलेला माणूस नियम पाळत नाही. लोक कॅप्सूल उघडून चव बघायचे, कडू आहे की नाही. काही जण रसायनतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे. दोन मित्र वेगवेगळ्या गटांत असतील अशी शंका आली की गोळ्या एकत्र करून अर्ध्या अर्ध्या वाटायचे, म्हणजे निदान अर्धी मात्रा तरी दोघांच्या पोटात. बंदी असलेलं औषध गुपचूप चालूच. मग ज्याला तुम्ही प्लासिबोचा गट म्हणता तो प्लासिबोचा राहतोच कुठे? त्यांची मागणी अशी की दोन मात्रांची किंवा दोन औषधांची तुलना करा, सोबतची औषधं घेऊ द्या, म्हणजे लोक खरं सांगतील आणि टिकून राहतील.

एझेडटीचं औषध म्हणून काय झालं तेही फलकावर हवं. हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली जाणारे २४ टक्के, प्लासिबोत ४ टक्के. वारंवार रक्त चढवावं लागलेले २१ टक्के. बाजारात आल्यावर मात्रा दिवसाला १,२०० मिलिग्रॅम होती, १०० च्या दोन कॅप्सूल दर चार तासांनी. गोळीची वेळ सांगणारे छोटे गजर तेव्हा नाटकाच्या मध्यात वाजायचे. १९९० च्या सुरुवातीला मात्रा निम्मी, ६०० केली. तेवढ्याने काम भागत होतं आणि रक्तही कमी नासत होतं.

---

टिपणवही

तयारीबद्दल. दोन घटना शेजारी शेजारी ठेवा, एक हजार माणसांची आणि एक सातांची.

११ ऑक्टोबर १९८८, रॉकव्हिल, मेरीलँड. औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएचं मुख्यालय. आधी संघटनांमध्ये वाद होता. बऱ्याच जणांना व्हाइट हाउस किंवा संसद हवी होती, छायाचित्र चांगलं येतं म्हणून. न्यूयॉर्कवाल्यांनी धरून ठेवलं की आपली तक्रार ज्या खात्याच्या नियमाशी आहे तिथेच जायचं. दिवसही हिशेबाने निवडलेला. शनिवार-रविवारी वॉशिंग्टनला नावांची गोधडी, म्हणजे एड्स मेमोरियल क्विल्ट, अंथरलेली होती. त्यासाठी देशभरातून लोक आलेलेच होते. सोमवारी कोलंबस दिनाची सुट्टी होती, त्या दिवशी सभा घेतली. मंगळवारी कचेरी भरलेली असताना वेढा.

जाण्याआधीच्या आठवड्यांत शिकवण्या झाल्या. औषध प्रयोगशाळेतून दुकानापर्यंत कुठल्या पायऱ्यांनी जातं, कुठली पायरी किती वेळ खाते, यावर एक पुस्तिका काढली आणि आंदोलनाला येणाऱ्यांनी ती वाचायची होती. मागण्या मोजक्या होत्या: मान्यतेचा काळ कमी करा, दोन्ही बाजूंनी आंधळ्या प्लासिबो-चाचण्या बंद करा, बाधा झालेल्या सगळ्या समाजगटांना चाचणीत घ्या, प्रायोगिक उपचारांचा खर्च विम्याने द्यावा. पत्रकारांना महिनाभर आधीपासून माहितीचे संच गेले. आणि एक युक्ती अशी की वेगवेगळ्या गावांहून आलेल्यांना त्यांच्या त्यांच्या गावच्या वर्तमानपत्राशी जोडून दिलं. त्यामुळे ही 'वॉशिंग्टनची बातमी' न राहता गावोगावची बातमी झाली.

प्रत्यक्ष जागेवर सगळा जमाव एका हुकमाने हलत नव्हता. पाच ते पंधरा जणांचे जिव्हाळ्याचे गट. प्रत्येक गट आपलं दृश्य आपण ठरवणार. कुणी पुठ्ठ्याचे थडग्याचे दगड उशाशी घेऊन आडवे, कुणी डॉक्टरांचे पांढरे कोट घालून. गटात अटक करून घेणारे वेगळे आणि बाहेर राहून नावं, औषधाच्या वेळा, वकील सांभाळणारे वेगळे. अटकेचं प्रशिक्षण आधी सक्तीचं: अंग सैल सोडायचं, हात झटकायचा नाही, धावायचं नाही. ज्याची गोळी दर चार तासांनी आहे त्याच्यासाठी कोठडीत किती तास जातील हा प्रश्न प्राणाचा असतो, म्हणून बाहेरचा माणूस महत्त्वाचा. हजाराहून जास्त लोक जमले, अटक पावणेदोनशेच्या आसपास.

आठवडा-दहा दिवसांत एफडीएने जिवावरच्या आजारांवरील औषधांसाठी वेगवान पद्धतीचे नियम जाहीर केले. ते आधीपासून शिजत होते, एका दिवसात कोणी लिहिले नाहीत. पण तारीख आणि रेटा कुणामुळे, यात मला शंका नाही.

सात माणसांची घटना १४ सप्टेंबर १९८९ ची, न्यूयॉर्कचा शेअर बाजार. एझेडटीची किंमत तेव्हा वर्षाला सुमारे ८,००० डॉलर. व्यापाऱ्यांसारखे बिल्ले बनवून, सूट-टाय घालून सातजण आत शिरले. पाचजण बाल्कनीत गेले आणि साखळीने स्वतःला कठड्याला जखडून घेतलं, म्हणजे ओढून काढायला वेळ लागेल. सकाळी साडेनऊच्या घंटेच्या वेळी भोंगे वाजवले, 'वेलकम विका', म्हणजे एझेडटी बनवणाऱ्या कंपनीचे शेअर विका, असा फलक सोडला. उरलेल्या दोघांचं काम फक्त छायाचित्रं काढून फिल्म बाहेर वृत्तसंस्थेपर्यंत पोचवायचं. हे दोघे नसते तर आत काय झालं ते बाहेर कुणाला दिसलंच नसतं. काही दिवसांत बरोज वेलकम कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली, सुमारे ६,४०० वर.

---

नाडीपरीक्षा

सगळे एझेडटीपाशी अडकतात. माझ्या मते त्या वर्षांत जास्त जीव वाचले ते न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यामुळे, आणि तिथे कार्यकर्त्यांचं काम अधिक बारीक आहे.

एड्सचा पहिला अहवाल, ५ जून १९८१ चा, याच न्यूमोनियाचा होता: लॉस एंजेलिसचे पाच तरुण. हा न्यूमोनिया आगाऊ गोळी देऊन टाळता येतो हे रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये १९७७ पासून माहीत होतं. गोळी स्वस्तातली सल्फाची, आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून मिळते तीच. तरी एड्सच्या रुग्णांना ती सरसकट द्या असं सरकारी मार्गदर्शन नव्हतं. १९८७ मध्ये मायकल कॅलन, स्वतः एड्ससह जगणारे कार्यकर्ते, आणि इतरांनी सरकारी एड्स-संशोधनाचे प्रमुख अँथनी फाउची यांच्याकडे ही मागणी नेली. उत्तर असं की आधी या रुग्णांवरचा पुरावा हवा. मार्गदर्शक सूचना निघाल्या जून १९८९ मध्ये: सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्या मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी, २०० च्या खाली गेल्या की प्रतिबंधक औषध सुरू. मधली दोन वर्षं कॅलन यांनी कधी माफ केली नाहीत.

अडचण अशी की एचआयव्ही असलेल्या बऱ्याच जणांना सल्फा सोसत नाही, साधारण दुसऱ्या आठवड्यात ताप आणि अंगभर पुरळ. त्यांच्यासाठी पेंटामिडीन हे दुसरं औषध, वाफेतून. इथे चाचणी मोठ्या विद्यापीठांत झाली नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या वस्तीतल्या डॉक्टरांच्या जाळ्याने ४०८ जण घेतले आणि प्लासिबो ठेवलाच नाही. तीन मात्रांची तुलना केली: १५ दिवसांनी ३० मिलिग्रॅम, १५ दिवसांनी १५०, महिन्याने ३००. महिन्याची ३०० जिंकली. न्यूयॉर्कमध्ये रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून काढलेल्या कम्युनिटी रिसर्च इनिशिएटिव्हनेही त्याच औषधावर काम केलं. जून १९८९ मध्ये या वस्तीपातळीवरच्या आकड्यांवर मान्यता मिळाली. फार्माकट्टा म्हणतात ती 'मात्रांची तुलना करा' ही मागणी चालते, याचा हा नमुना.

आता कृती, कारण चुका इथेच होत. ३०० मिलिग्रॅम भुकटी ६ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची. सलाइनमध्ये नाही, सलाइन घातलं की औषध खाली बसतं. नेब्युलायझरही कुठलाही चालत नाही. थेंब एक-दोन मायक्रॉनचे हवेत, मोठे झाले तर घशातच चिकटतात, फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जात नाहीत. हवेचा वेग मिनिटाला ५ ते ७ लिटर, वेळ ३० ते ४५ मिनिटं. खोकला आणि श्वासनळी आखडणं नेहमीचं, म्हणून आधी श्वासनळी मोकळी करणारं साल्ब्युटामोल. आणि एक फट राहिलीच: बसून वाफ घेतली की ती फुप्फुसाच्या वरच्या भागात कमी पोचते, मग न्यूमोनिया नेमका तिथे उपटायचा. शिवाय बंद खोलीत खोकणाऱ्यांची रांग म्हणजे क्षयाला आमंत्रण. १९९२ पर्यंत स्पष्ट झालं की सोसत असेल त्याला सल्फाची गोळीच सरस.

(हे इतिहासासाठी आहे. यावरून कुणी औषध घेऊ नये.)

---

खडूफळा

भरपूर मिळालं, आभार. एक शंका. वाचताना 'समांतर मार्ग' हा शब्द सारखा येतो. तो आणि वेगवान मान्यता एकच का?

---

फार्माकट्टा

नाही, आणि ही गल्लत फलकावर जाऊ देऊ नका.

समांतर मार्ग म्हणजे औषधाला मान्यता मिळालेली नसतानाच, चाचणी एका बाजूला चालू ठेवून, जे चाचणीत बसत नाहीत त्यांना दुसऱ्या बाजूने औषध देणं. कल्पना ॲक्ट अपच्या उपचार-माहिती समितीतली. जिम एइगो, मार्क हॅरिंग्टन ही मंडळी, आणि त्यांना चाचण्यांचं शास्त्र शिकवणाऱ्या आयरिस लाँग या रसायनतज्ज्ञ. जून १९८९ मध्ये फाउची यांनी जाहीरपणे उचलून धरली. पहिलं मोठं औषध डीडीआय, एझेडटीसारखंच एचआयव्हीवरचं, २०,००० हून जास्त लोकांना तसं मिळालं. वेगवान मान्यता वेगळी. तिथे मृत्यूची वाट न बघता सीडी४ सारख्या मधल्या खुणेवर मान्यता देतात, नंतर पुरावा पुरा करायचा. डीडीआयला ऑक्टोबर १९९१ मध्ये अशीच मिळाली. नियम लेखी झाला १९९२ च्या अखेरीस.

डीडीआय पोटातल्या आम्लाने नासतं, म्हणून त्यात आम्ल मारणारा क्षार घालावा लागे. परिणामी खडूसारखी भलीमोठी चघळायची गोळी किंवा पाण्यात ढवळायची पुडी, तीही रिकाम्या पोटी. लोक ती टाळायचे त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे स्वादुपिंडाला सूज, त्यातून मृत्यूही झाले.

---

उलटतपासणी

"फसलं काय" याला कुणी हात घातला नाही म्हणून मी घालतो.

मधल्या खुणेवर मान्यता देण्याचा धोका ॲक्ट अपमधल्याच लोकांना सगळ्यात आधी दिसला. सीडी४ थोडे वर जातात, पण माणूस जास्त जगतो का? १९९३ मध्ये काँकॉर्ड चाचणीचे आकडे आले: लक्षणं नसताना लवकर एझेडटी सुरू करून आयुष्य वाढत नाही. ज्यासाठी एवढी धडपड केली ते एकटं औषध लवकर घेऊन उपयोग नाही, हे पचवणं जड होतं. १९९२ मध्ये उपचार-समितीतल्या बऱ्याच जणांनी वेगळं होऊन ट्रीटमेंट ॲक्शन ग्रुप काढला होता. १९९४ मध्ये त्याच गटाने एफडीएला लिहिलं की साक्विनाविर या नव्या औषधाला घाईने मान्यता देऊ नका, आधी मोठी चाचणी करा. सहा वर्षांपूर्वी एफडीएच्या दारात झोपलेल्यांपैकीच काहीजण हे म्हणत होते. इतर कार्यकर्ते भडकले. साक्विनाविरला डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळाली, मार्च १९९६ मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर आली, आणि तीन औषधांच्या जोडीने चित्र पालटलं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर ठरवून काळ पुढे गेला. माझं मत विचाराल तर १९९४ चं ते पत्र हे चळवळीचं प्रौढपण होतं, पण ते लिहिण्याची किंमत मैत्रीत मोजावी लागली.

दुसरं, बायकांचा प्रश्न. एड्स 'आहे' की 'नाही' हे सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या, व्याख्येवर ठरायचं, आणि व्याख्या बनली ती पुरुषांच्या आजारांवरून. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्यात नाही, फुप्फुसाचा क्षय नाही. व्याख्येत न बसणाऱ्या बाईला अपंगत्वाचं सरकारी साहाय्य अडायचं. १९९० मध्ये न्यायालयात दावा, अटलांटात सीडीसीसमोर निदर्शनं. 'बायकांना एड्स होत नाही, त्या फक्त त्याने मरतात' ही घोषणा तिथली. १ जानेवारी १९९३ पासून व्याख्येत सीडी४ २०० च्या खाली, फुप्फुसाचा क्षय, वारंवार होणारा न्यूमोनिया आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग आले. त्या वर्षी नोंदलेले रुग्ण दुपटीहून वाढले. साथ वाढली नव्हती, मोजमाप बदललं होतं. आलेख लावणार असाल तर १९९३ च्या उंच खांबाखाली ही टीप टाकाच.

---

मांडवीकाठ

आपल्याकडचा धागा, आणि तो ओढूनताणून नाही.

गोवा, १४ फेब्रुवारी १९८९. डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानातून एचआयव्ही कळल्यावर पोलीस घेऊन गेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. बेकायदा नव्हे, कायद्यानेच: गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळं ठेवण्याचं कलम होतं. आई ल्युसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयाने कलम रद्द केलं नाही. डॉमिनिक यांनी पुढे 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले. न्यूयॉर्कमध्ये लोक शेअर बाजारात घुसत होते त्याच वर्षीची ही गोष्ट.

दुसरा धागा किमतीचा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा 'सीमापार डॉक्टर' या संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पश्चिमेतला भाव १०,००० च्या वर. तिन्ही एकाच गोळीत बसवली: स्टाव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन. पश्चिमेत ही गोळी निघणं कठीण होतं, कारण तिन्हींचे मालक वेगवेगळ्या कंपन्या. एका गोळीची अडचण म्हणजे नेव्हिरापिन पहिले १४ दिवस निम्मं द्यावं लागतं, नाहीतर पुरळ आणि यकृताचा धोका. त्यामुळे सुरुवातीला वेगळ्या गोळ्या लागतातच. स्टाव्हुडिनने पाय बधिर व्हायचे, गाल बसायचे. पण सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ ला सुरू होऊ शकले ते या स्वस्त औषधांमुळे.

आणि कागदांचा अभ्यास इथेही झाला. २००५ मध्ये रेणूवर पेटंट परत आलं. २००६ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या भारतीय आणि मणिपुरी संघटनांनी ग्लॅक्सो कंपनीच्या काँबिव्हिर या दोन औषधांच्या गोळीच्या पेटंट-अर्जाला मंजुरीआधीच हरकत घेतली. आक्षेप साधा: दोन्ही औषधं जुनी, भुकटी गोळीच्या यंत्रात नीट सरकावी म्हणून त्यात सिलिकॉन डायऑक्साइड घातलं, यात शोध तो कसला? त्याच वर्षी कंपनीने अर्ज मागे घेतला.

---

टिपणवही

फलक छापायला जाण्याआधी दोन दुरुस्त्या.

त्रिकोणाचं टोक वर ठेवा. नाझी छावण्यांमध्ये समलिंगी पुरुषांना लावलेला त्रिकोण टोक खाली असलेला होता, त्या भित्तिपत्रकावर तो उलटा केलेला आहे. आणि ते पत्रक ॲक्ट अपने बनवलेलं नाही. न्यूयॉर्कच्या सहाजणांच्या गटाने ते केलं, आणि मार्च १९८७ मध्ये संघटना जन्मल्यावर तिने ते उचललं.

दुसरं, शीर्षकात 'एड्सचे बळी' असेल तर काढा. १९८३ मध्ये डेन्व्हरला जमलेल्या रुग्णांनीच जाहीरनाम्यात लिहिलं होतं की आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्ससह जगणारी माणसं आहोत. 'एड्सग्रस्त' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळलेला आहे, पण 'ग्रस्त' पूरग्रस्त-दुष्काळग्रस्तातलं आहे. 'एचआयव्हीसह जगणारे' लांब पडतं, ओळीत बसत नाही, हे कबूल. अक्षर एक नंबर लहान करा.

---

खडूफळा

अक्षर लहान केलं. १९९३ च्या खांबाखालची टीपही टाकली. त्रिकोण खरंच टोक खाली करून लागला होता.